आरोपी जंगल, साथ मात्र बैलगाडीची : बुळकांडीचा इतिहास काय सांगतो

१/२४
गुरांवर विषाणूची साथ आली की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘हा रोग जंगलातून आला’ आणि ‘जंगली जनावरे आहेत तोवर तो हटणार नाही’. पहिले वाक्य कधी खरे असते, कधी खोटे. दुसरे वाक्य एका रोगाच्या बाबतीत कित्येक दशके शास्त्रवचनासारखे मानले गेले आणि अखेर साफ खोटे ठरले. तो रोग म्हणजे बुळकांडी. त्या समजुतीचा जन्म, तिची किंमत आणि तिचा शेवट या धाग्यात पाहायचा आहे.

२/२४
आजच्या पिढीला बुळकांडी ठाऊक नाही, हेच तिच्या निर्मूलनाचे यश. गाय, बैल, म्हैस यांना होणारा हा रोग गोवराच्या विषाणूच्या जवळच्या नात्यातला. तीव्र ताप, डोळ्यांतून व नाकातून स्राव, तोंडात व्रण, मग अनावर जुलाब आणि काही दिवसांत मृत्यू. ज्या कळपाने हा रोग पूर्वी पाहिलेला नाही, तिथे दहातली आठ-नऊ जनावरे मरत. २०११ मध्ये तो जगातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसराच रोग.

३/२४
आता मुख्य संज्ञा. एखाद्या प्राण्याला रोगाची लागण होणे ही एक गोष्ट, आणि तो प्राणी त्या रोगाचे आश्रयस्थान असणे ही अगदी वेगळी गोष्ट. आश्रयस्थान म्हणजे बाहेरून पुन्हा लागण न होताही जिथे विषाणू वर्षानुवर्षे टिकून राहतो आणि जिथून इतरांकडे जातो, तो प्राणिसमूह. बळी आणि आश्रयस्थान यांतला हा फरक पुसला गेला, आणि पुढच्या साऱ्या अनर्थाचे मूळ तिथेच आहे.

४/२४
प्रथम युरोप. अठराव्या शतकात बुळकांडीने युरोपातील गोठे पुन्हा पुन्हा रिकामे केले. १७११ नंतर ती रोमच्या परिसरात पोहोचली, तेव्हा पोपचे वैद्य लान्चिसी यांनी सुचवलेले उपाय असे : आजारी जनावरे मारा, गुरांची ये-जा थांबवा, बाधित भाग वेगळा ठेवा. १७६१ मध्ये फ्रान्समधील लिआँ येथे पहिली पशुवैद्यक शाळा स्थापन झाली, त्यामागेही या रोगाची धास्ती होती. या साऱ्या उपायांत रानातले कोणतेही जनावर आरोपी नव्हते. साथ सैन्याच्या रसदीचे बैल आणि बाजाराची गुरे यांच्याबरोबर चालत होती, आणि हे तेव्हाच्या जाणत्यांना दिसत होते.

५/२४
१८६५ मध्ये हाच रोग ब्रिटनमध्ये आला. मार्ग कोणता? बाल्टिक किनाऱ्यावरच्या रेव्हाल बंदरातून, म्हणजे आजच्या टॅलिनहून, हल बंदरात उतरलेली गुरे, आणि तिथून लंडनचा गुरांचा बाजार. लाखो गुरे गेली. १८६६ मध्ये आजारी जनावरे मारण्याचा व हालचालीवर बंदीचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षापर्यंत साथ आटोपली. ब्रिटनच्या रानांत हरणे तेव्हाही होती. त्यांना हात न लावता रोग संपला.

६/२४
भारतात १८६९ मध्ये हॅलन यांच्या अध्यक्षतेखाली गुरांच्या साथीची चौकशी करणारा आयोग नेमला गेला. १८७१ च्या त्याच्या अहवालाने इथली साथ आणि युरोपातली बुळकांडी एकच असल्याचे मांडले. पुढे १८८९ मध्ये इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली ती पुण्यात. १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरातील मुक्तेश्वरला हलली. आजच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेचे मूळ ते हेच. महाराष्ट्रातील इतिहासप्रेमींनी पुण्याच्या इतिहासातले हे पान सहसा उघडलेले नसते.

७/२४
आता आफ्रिका. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत १८८७ पूर्वी ही साथ पाय रोवून नव्हती. त्या वर्षी इटलीचे सैन्य लाल समुद्रावरील मसावा बंदरात होते आणि त्याच्या पोटापाण्यासाठी बाहेरून गुरे आणली गेली. ती भारतातून वा एडनमार्गे आली असे सामान्यतः मानले जाते. साथीचा उगम साम्राज्याच्या रसदीत होता. तिथल्या एकाही रानम्हशीने विषाणू समुद्र ओलांडून आणला नव्हता.

८/२४
पुढचे दशक भीषण होते. इथिओपियात नांगराचे बैल मेले, शेती पडली आणि १८८८ ते १८९२ चा महादुष्काळ आला. पूर्व आफ्रिकेतील मसाई हे गुरांवर जगणारे लोक काही वर्षांत निर्धन झाले. त्यांच्या गुरांबरोबर आफ्रिकी रानम्हैस, ईलँड, कुडू, वाइल्डबीस्ट यांचे कळपही कोसळले. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की हे प्राणी रोगाला नवखे होते आणि गुरांइतक्याच वेगाने मरत होते. ज्या घरात सगळे मरून पडतात, त्या घराला रोगाचा यजमान म्हणणे हा विचित्र न्याय आहे.

९/२४
१८९६ च्या मार्चमध्ये रोगाने झांबेझी ओलांडली. पुढचा त्याचा वेग पाहावा. बुलावायो ते माफेकिंग हा तेव्हा बैलगाड्यांचा रस्ता होता. हजारो बैल त्याच वाटेने माल ओढत. रोग याच रस्त्याने दक्षिणेला धावला. वाटेवर गाड्या जागच्या जागी सोडून दिल्या गेल्या, जुवाखालीच बैल मेले. १८९७ मध्ये तो केप वसाहतीत आणि जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेत पोहोचला. नकाशावर हा प्रवास रेखला, तर रेषा हरणांच्या स्थलांतराशी जुळण्याऐवजी व्यापारी मार्गाशी जुळते.

१०/२४
मग आरोप रानातल्या जनावरांवर कसा आला? इथे साधनांची चिकित्सा हवी. त्या काळाचे वर्णन करणारे बहुतेक लोक शिकारी, वसाहतकार, अधिकारी आणि मिशनरी होते. माळरानावर पसरलेली रानम्हशींची प्रेते त्यांच्या डोळ्यांत भरली. रात्रीतून कुंपणापलीकडे हाकलेली चोरटी गुरे, विकलेली कातडी, सैन्याचे बैल यांची नोंद करण्यात कोणाचाच लाभ नव्हता. शिवाय केपच्या सरकारने कुंपणे घातली, पहारे बसवले, तरी रोग शिरला. अपयशाला कारण लागते, आणि अनोळखी जंगल हे सर्वांत सोयीचे कारण होते.

११/२४
त्यात एका योगायोगाची भर पडली. रानातले प्राणी मेले तसा त्सेत्से माशीचा पट्टा अनेक ठिकाणी मागे हटला. ही माशी गुरांतला नागाना पसरवते. डेव्हिड ब्रूस यांनी झुलूलँडमध्ये १८९५ च्या सुमारास दाखवून दिले होते की नागानाचा परजीवी रानटी जनावरांत राहतो. नागाना हा विषाणूचा रोग नाही, तो एकपेशीय जीवाचा आहे, आणि तिथे वन्यप्राणी खरोखरच आश्रयस्थान आहेत. पण वसाहतकारांनी यातून सरसकट धडा घेतला : रानटी जनावर मारा, गोठा वाचवा. दक्षिण ऱ्होडेशियात १९१९ पासून पुढे कित्येक दशके चाललेल्या सरकारी शिकारीत लाखो प्राणी मारले गेले.

१२/२४
हाच तर्क बुळकांडीला लावण्यात आला. टांगानिकाच्या दक्षिणेकडे १९३० च्या दशकाच्या अखेरीस साथ उसळली, तेव्हा ती उत्तर ऱ्होडेशियात उतरू नये म्हणून कुंपण उभारून वन्यप्राण्यांची वाट अडवण्याचा प्रयत्न झाला. हे करणारे सारे मूर्ख होते असे नाही. रोगी रानम्हैस कुंपणाजवळच्या गाईला रोग देऊ शकते, हे खरेच आहे. प्रश्न वेगळा होता : गुरांतून रोग काढला, तर तो रानात टिकेल काय? हा प्रश्न नीट विचारला गेला नाही, कारण त्याचे उत्तर आधीच गृहीत धरलेले होते.

१३/२४
उत्तर सेरेंगेटीत मिळाले. १९५० च्या दशकापर्यंत तिथल्या वाइल्डबीस्टांत दरवर्षी एक मरण ठरलेले असे. आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण संपले की वर्षाच्या आतबाहेरची पाडसे मोठ्या संख्येने दगावत. हा त्यांचा ‘वर्षभराच्या पाडसांचा रोग’ म्हणूनच ओळखला जाई, आणि तो बुळकांडीच होता. दरसाल नेमाने येणारा रोग पाहून तो इथलाच, या कळपांतच घर केलेला, अशी समजूत दृढ झाली होती.

१४/२४
मग भोवतालच्या गुरांना लस देण्यात आली. केनियातील मुगुगा येथे वॉल्टर प्लोराइट यांनी ऊतीसंवर्धनातून तयार केलेली लस स्वस्त, सुरक्षित आणि आयुष्यभराचे संरक्षण देणारी होती. वाइल्डबीस्टांना कोणी एकही सुई टोचली नाही. तरीही १९६३ च्या सुमारानंतर जन्मलेल्या वाइल्डबीस्टांच्या रक्तात बुळकांडीच्या संसर्गाची खूण आढळेना. १९६१ मध्ये सुमारे अडीच लाख असलेली त्यांची संख्या १९७० च्या दशकाच्या अखेरीस १३ लाखांच्या वर गेली. त्या वाढीत चांगल्या पावसाचाही हात होता. रक्ताच्या पुराव्याला मात्र पावसाने काही फरक पडत नाही.

१५/२४
याचा अर्थ सरळ आहे. गुरांतला झरा आटताच रानातला ओघळ सुकला. आश्रयस्थान गुरे होती, वाइल्डबीस्ट बळी होते. कारणही समजण्यासारखे आहे. बुळकांडीतून वाचलेले जनावर आयुष्यभर सुरक्षित होते आणि विषाणू अंगात बाळगत नाही. शरीराबाहेर हा विषाणू फार काळ तग धरत नाही. त्याला सतत नवे, जवळजवळ उभे असलेले, कधीच न बाधलेले प्राणी लागतात. बाजार, तांडे आणि गोठे यांनी जोडलेली कोट्यवधी गुरे ही गरज भागवतात. रानातले कळप ती कायम भागवू शकले नाहीत.

१६/२४
दुसरा पुरावा अपयशातून आला. १९६२ ते १९७६ या काळात आफ्रिकेतील अनेक देशांनी मिळून गुरांना सामूहिक लस दिली. रोग इतका घटला की सरकारे निर्धास्त झाली, लसीकरण ढिले पडले. १९८० च्या दशकाच्या आरंभी साथ पुन्हा भडकली. ती जंगलातून परतली काय? नाही. मोहिमेच्या हातून सुटलेल्या पशुपालक भागांतील गुरांमध्ये विषाणू टिकून होता, आणि तिथूनच तो गुरांच्या व्यापाराबरोबर पसरला.

१७/२४
तिसरा पुरावा सर्वांत बोलका. १९९४ च्या सुमारास केनियातील त्सावो भागात रानम्हशी, छोटे कुडू आणि ईलँड मोठ्या संख्येने मेले. तपासाअंती बुळकांडीचाच एक प्रकार निघाला. सोमाली पशुपालकांच्या गुरांत तो इतका सौम्य होता की कोणाच्या लक्षात येत नव्हता. म्हणजे गुरांतला लपलेला विषाणू रानम्हशींनी मरून उघड केला. आरोपी म्हणून उभे केलेले प्राणी इथे पहारेकरी ठरले. जगातील बुळकांडीची शेवटची निश्चित नोंदही २००१ मध्ये केनियाच्या मेरू राष्ट्रीय उद्यानातील रानम्हशींचीच आहे. त्यानंतर रान शांत झाले, कारण गुरे निरोगी झाली.

१८/२४
भारताचा अनुभव वेगळा नाही. १९६८ च्या सुमारास बंडीपूर-मुदुमलाईच्या जंगलात गव्यांचे कळप बुळकांडीने उद्ध्वस्त झाले. जंगलात चरायला जाणाऱ्या गुरांचा रोग त्यांना लागला होता. १९५४ पासून देशाने गुरांच्या लसीकरणाची मोहीम चालवली, १९९० च्या दशकात ती अधिक नेमकी केली, १९९५ मध्ये शेवटचा उद्रेक नोंदला गेला आणि २००६ मध्ये देश या संसर्गातून मुक्त ठरला. त्यासाठी कोणी गव्यांवर बंदूक चालवली नाही. आज राधानगरीचा गवा शेतात उतरला म्हणून चिडणाऱ्यांनी आणि त्याची छायाचित्रे काढणाऱ्यांनी, दोघांनीही हे लक्षात ठेवावे.

१९/२४
आता उलट बाजूचा भाबडेपणा. ‘जंगल नेहमी निर्दोष’ हे वाक्यही तितकेच चुकीचे. वाइल्डबीस्टांत एक हर्पीस विषाणू निवांत राहतो. त्यांना तो काही करत नाही, पण गाईला लागला तर जीवघेणा ठरतो. वाइल्डबीस्टांची नवजात पाडसे तो पसरवतात. मसाई लोकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. विणीच्या मोसमात ते आपली गुरे त्या माळरानापासून दूर नेत. प्लोराइट यांनी १९६० मध्ये हा विषाणू वाइल्डबीस्टातून वेगळा काढला, तेव्हा प्रयोगशाळेने मसाईंच्या ज्ञानावर शिक्कामोर्तब केले. ज्यांचे म्हणणे दंतकथा ठरवले गेले, ते आश्रयस्थान नेमके ओळखत होते.

२०/२४
इतकेच नव्हे, बुळकांडी गेल्यावर वाइल्डबीस्ट वाढले, आणि विणीच्या काळात मसाईंना टाळावा लागणारा माळही वाढला. एका रोगाच्या निर्मूलनाने दुसऱ्याचा भार पशुपालकांच्या पाठीवर ठेवला. इतिहास असा गुंतागुंतीचा असतो. ‘प्राणी विरुद्ध माणूस’ या दोन रकान्यांत तो मावत नाही, आणि मसाईंना बुळकांडीचे नवे आरोपी ठरवणे हाही तोच जुना आळस आहे. गुरे ज्यांची, त्यांनीच या रोगाची सर्वांत मोठी किंमत मोजली.

२१/२४
लाळ्या-खुरकूत घ्या. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात या रोगाच्या काही प्रकारांचे खरे आश्रयस्थान आफ्रिकी रानम्हैस आहे. ती आजारी न दिसता विषाणू वर्षानुवर्षे बाळगते. हे सिद्ध आहे. पण बोट्स्वानाने युरोपला मांस विकण्यासाठी १९५० च्या दशकापासून शेकडो किलोमीटरची कुंपणे घातली, तेव्हा किंमत कोणी दिली? १९८० च्या दशकातील अवर्षणात पाण्याकडे निघालेले हजारो वाइल्डबीस्ट तारेपाशी मेले. ते त्या रोगाचे मुख्य आश्रयस्थान नव्हतेच. आरोप खरा असला तरी शिक्षा भलत्यालाच होऊ शकते.

२२/२४
डुकरांच्या आफ्रिकन स्वाइन फीव्हरचीही तीच गोष्ट. १९२१ मध्ये केनियातून त्याचे पहिले वर्णन आले. तिथे वॉर्टहॉग आणि एक गोचीड यांच्यात विषाणू फिरतो, हे निर्विवाद. पण २००७ मध्ये तो जॉर्जियात, २०१८ मध्ये चीनमध्ये आणि २०२० मध्ये ईशान्य भारतात पोहोचला, तेव्हा वॉर्टहॉग चालत आला नव्हता. मांस, खरकटे, वाहने आणि जिवंत डुकरांचा व्यापार यांनी त्याला नेले. युरोपातील रानडुकरे आता त्या साखळीचा भाग झाली आहेत, हे खरे. मात्र साखळीची पहिली कडी त्यांनी घडवली नाही. उलट्या दिशेचे उदाहरणही आहे : २०१६-१७ मध्ये मंगोलियात शेळ्या-मेंढ्यांच्या पीपीआर रोगाने सायगा हरणांचे हजारो जीव घेतले. हा विषाणू बुळकांडीचाच भाऊबंद.

२३/२४
काही जण म्हणतील, जुने वाद उकरून काय लाभ? लाभ आहे, कारण निदान चुकले की औषध चुकते. रानम्हशी मारण्यात आणि कुंपणे घालण्यात गेलेली दशके गुरांच्या लसीत गेली असती, तर बुळकांडी कदाचित लवकर संपली असती. २०२२ मध्ये लम्पी पसरली तेव्हा महाराष्ट्रात गुरांचे बाजार आणि वाहतूक थांबवावी लागली. उपाय तिथेच शोधला गेला, जिथे अठराव्या शतकात लान्चिसींनी शोधला होता. तरीही प्रत्येक नव्या साथीत कोणीतरी पहिले बोट जंगलाकडेच दाखवतो. जंगलाला वकील नसतो. बाजार, निर्यात आणि सैन्याची रसद यांना मात्र तो नेहमीच मिळतो.

२४/२४
म्हणून ‘वन्यप्राणी हे रोगाचे आश्रयस्थान’ असे कोणी म्हणाले, तर इतिहासाच्या विद्यार्थ्याने तीन पुरावे मागावेत. गुरांतून रोग काढल्यावर तो रानात टिकतो काय? लागण कोणत्या दिशेने झाली, याचा रक्तातला वा विषाणूतला पुरावा आहे काय? आणि साथ ज्या मार्गाने गेली, तो मार्ग प्राण्यांचा होता की व्यापाराचा? वाइल्डबीस्टांचा हर्पीस या कसोटीला उतरतो, रानम्हशींचा लाळ्या-खुरकूत उतरतो. बुळकांडी उतरत नाही. आणि ज्या आरोपाखाली इतकी जनावरे मारली गेली, तो आरोप मागे घेतल्याची नोंद इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत अजून यायची आहे.